ताटातले तीन फ्यूज

आमच्या ह्यांना करंट लागत नाही. म्हणजे लागतो, पण ते मान्य करत नाहीत. आणि कसब्यातल्या माणसाने एखादी गोष्ट मान्य केली नाही की ती घडलेलीच नसते. त्यामुळे आमच्या संसारात इतक्या वर्षांत करंट असा कुणाला लागलेलाच नाही. "जरा झिणझिण्या आल्या." "हात आपोआप मागे आला." "मीच बघत होतो, किती येतोय ते." अशीच सगळी वर्णनं. स्टुलावरून खाली पडले तेव्हाही म्हणाले, "मी उतरतच होतो."

कसबा पेठेत आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची, लिफ्टची, कशाचीही जळलेली मोटर आणा. आतली जुनी तार काढायची, नवी भरायची, टोकं जोडायची, टेबलावर फिरवून बघायची आणि परत द्यायची. तार भरायचं काम माझं, जोडायचं त्यांचं आणि बोलायचं दोघांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले होते, "सूनबाई, पुरणपोळी नंतर शिकलात तरी चालेल, आधी वेटोळी मोजायला शिका." पुरणपोळी मला अजून धड येत नाही, पण मोटरीत तार मी अशी भरते की उघडून बघणाऱ्याने नमस्कार करावा. आमच्याकडे कुणी उघडून बघत नाही, हा भाग वेगळा.

ह्यांची एक सवय सगळ्या पेठेला माहीत आहे. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "याच्यात करंट येतोय हो," की हे उजव्या हाताचं मधलं बोट उलटं करून त्या वस्तूला लावणार. "कुठे येतोय? मला तर नाही लागत." उलटं बोट का, तर म्हणे सरळ हाताने धरलं तर मूठ आवळते आणि सुटत नाही, उलट्या बोटाला झटका बसला तर हात मागे येतो. हे शास्त्र त्यांना वडिलांनी शिकवलं, वडिलांना त्यांच्या वस्तादाने. त्या वस्तादाचं पुढे काय झालं ते मी एकदा विचारलं होतं. "गेले," एवढंच उत्तर मिळालं. कशाने गेले ते विचारायचं नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आहेत. त्यांचं वॉशिंग मशीन कित्येक महिने करंट मारत होतं आणि त्या बटण लाटण्याने दाबत होत्या. तक्रार करंटची नव्हतीच. लाटणं झिजत चाललं म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. हे गेले, उलटं बोट मशीनच्या पत्र्याला लावलं आणि म्हणाले, "आजी, मला काही नाही लागत."

"तुम्हाला कसं लागेल? गेंड्याची कातडी तुमची," आजी म्हणाल्या. "मला लागतं. मी माणूस आहे."

घरी येऊन हे अर्धा तास बोट चोळत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, डास चावला.

बरं, तत्त्वज्ञान तर काय विचारता! "करंट घाबरणाऱ्याला लागतो." "करंट माणूस ओळखतो." "मेन बंद करून काम काय, कुणीही करेल. चालू ठेवून केलं तर दोष कळतो." प्लगची पिन सापडली नाही की नुसत्या तारा सॉकेटमध्ये खुपसून वर काडीपेटीच्या काड्या ठोकायच्या, आणि त्याला म्हणायचं तात्पुरती सोय. आमच्याकडच्या काही तात्पुरत्या सोयी मुलीच्या बारशापासूनच्या आहेत. मी बोलून बोलून थकले. "अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण?" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की रस्त्यावरून जाणारेही माझ्याआधी ते पूर्ण करायचे. ह्यांच्यावर परिणाम शून्य. पालथा घडा तरी पाणी ओतल्यावर थोडा वेळ ओला दिसतो.

मग वारज्याच्या एका सोसायटीत व्हायचं ते झालं. पंपाच्या खोलीत घोट्याएवढं पाणी साठलं होतं आणि हे त्यात उभे राहून पॅनेल उघडत होते. मेन बंद केला होता का? छे! वर चार मजले लोक आंघोळीला खोळंबलेत, मेन कसा बंद करणार? उलटं बोट लावायला गेले आणि मनगट मागच्या पत्र्याला टेकलं. वॉचमनने लाकडी दांडक्याने ढकललं म्हणून सुटले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा छातीला वायरी लावलेल्या, आणि तोंडाने काय चाललेलं? "यांच्या मशीनचं अर्थिंग बरोबर नाहीये, मला आवाजावरून कळतंय."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पुणेरी डॉक्टर, जास्तीचं बोलायचे नाहीत. म्हणाले, "हृदयाचा ठेका बिघडला होता, तो आम्ही परत आणलाय. गोळ्या कायमच्या. पुन्हा असा झटका बसला तर मला भेटायला येऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचा उपयोग होणार नाही."

मी त्या पॅसेजमधल्या बाकावर बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, आधी रडले आणि मग मला इतका संताप आला की आत जाऊन त्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटलं. पण छातीला वायरी होत्या. घरी आल्यावर मी डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. हे शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांना कमिशन नसेल मिळत त्यात."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा ठरवलं, या माणसाला सांगणं बंद. ज्याचं करावं भलं, तो म्हणे माझंच खरं. आता सांगायचं नाही, करायचं.

आमच्या दुकानात थ्री-फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांची लाइन आहे. मेन स्विचच्या पेटीत चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज असतात, धरून ओढले की हातात येतात. ते बाहेर असले की स्विच वर करा, खाली करा, नाचा, आत वीज येत नाही. तर मी असं सुरू केलं: हे मोटर उघडायला बसले की मेन खाली पाडायचा, तिन्ही फ्यूज ओढायचे आणि पर्समध्ये टाकायचे. चेन लावायची. पर्स खांद्याला. काम झालं की यांनी टेबलापासून लांब उभं राहून दोन्ही हात वर करून दाखवायचे, मगच मी फ्यूज परत लावणार. लोकांच्या बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो, कंगवा असतो. मी मंडईत कोथिंबिरीला हात घालायचे आणि बाहेर फ्यूज यायचा.

पहिले काही दिवस महाभारत झालं. "दुकान माझं आहे." असेल. "लाइन माझ्या नावावर आहे." असू दे, फ्यूज माझ्या पर्समध्ये आहेत. शेजारी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. त्याचे मालक आमचे शेजारी, शुभचिंतक आणि चोवीस तासांचे प्रेक्षक. ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, दुकान आहे की पोलीस चौकी? साहेब हात वर करून उभे!"

मी म्हटलं, "चौकीच आहे. तुमचा काही गुन्हा असेल तर तुम्हीही या आत."

आमची मुलगी वाघोलीला असते, आयटीत. तिने व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "आई, तू तर प्रॉपर लॉकआउट करतेयस! कंपन्यांमध्ये हेच करतात, यू आर टू गुड." आणि बाबांसाठी ऑनलाइन जाडजूड नारिंगी रबरी हातमोजे पाठवले. ह्यांनी ते उघडले, वास घेतला, खिळ्याला टांगले. तेव्हापासून हातमोजे खिळ्याला आहेत. खिळ्याला आजवर करंट लागलेला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

तरी पर्स लागू पडली. त्यांचं बोट तसंच राहिलं, पण बोट लावायला करंटच नव्हता. मला रात्री झोप यायला लागली. आणि इथेच मी गाफील झाले, असं कुणी म्हणायच्या आत सांगते, मी गाफील बिफील झाले नव्हते. फ्यूज माझ्या डोळ्यांसमोर होते. तेच तर सांगायचंय.

खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत अशी: दुकान पाण्याने धुवून काढायचं. चपला बाहेर. टेबलावर लाल कापड, त्यावर पितळेचं मोठं ताट, ताटात सगळी हत्यारं. पक्कड, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, सगळ्यांना हळदकुंकू. बोर्डाला झेंडूचा हार. ताटात गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच उचलायचं, तोवर त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना सुट्टी. फक्त आरती झाली, नारळ फोडला, की टेबलावर जोडून ठेवलेली एक मोटर क्षणभर फिरवायची आणि बंद करायची. तिला मुहूर्ताची मोटर म्हणतात. ती नीट फिरली की वर्ष नीट जातं. सासऱ्यांची श्रद्धा होती, ह्यांची त्याहून जास्त आहे. विजेवर विश्वास नसलेला माणूस मुहूर्तावर ठेवतो, काय बोलणार!

मी त्या वर्षी हत्यारांत भर घातली. मेन पाडला, तिन्ही फ्यूज ओढले, पर्सऐवजी ताटात मांडले आणि त्यांना ठसठशीत कुंकू लावलं. ह्या घराला वाचवणारं शस्त्र कुठलं असेल तर ते हेच, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. नारिंगी हातमोजेसुद्धा खिळ्यावरून उतरवून ताटाशेजारी ठेवले. त्यांना वर्षातून एकदा तरी कुणीतरी हात लावायला हवा ना!

"फ्यूज हत्यार आहे का?" ह्यांनी विचारलं.

"आपल्याकडे आहे," मी म्हटलं.

हे पांढरा झब्बा घालून, अनवाणी, ओल्या फरशीवर इकडून तिकडे फिरत होते. आनंदात होते. सणाला माणूस आनंदात असला की मला त्याचा राग येत नाही, एवढी एक माझ्यात उणीव आहे.

मी मागच्या खोलीत नैवेद्याचं ताट वाढायला गेले. दुकानात अंधारच होता. आमची गल्ली अशी की भर दुपारीही आत दिवा लागतो, आणि लाइन तर बंद. देवीच्या तसबिरीवर दिव्यांची माळ सोडली होती, पण ती मुहूर्ताच्या वेळी लागणार होती. मी आत असताना शेजारचे दारातून काहीतरी म्हणाले, हे "हो, हो" म्हणाले. ह्यांच्या "हो, हो"चा अर्थ "मी ऐकत नाहीये" असा असतो, हे शेजाऱ्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी नैवेद्य घेऊन बाहेर आले. हे टेबलापाशी वाकलेले होते. मुहूर्ताच्या मोटरीच्या डब्याचं झाकण काढलेलं. डब्यात मोटरीच्या तारांची सहा टोकं असतात. ती एका रीतीने जोडली की स्टार, दुसऱ्या रीतीने जोडली की डेल्टा. चुकीचं जोडलं तर मोटर जळते. ही मोटर स्टारची होती, तार मीच भरली होती.

"आज कामाला हात लावायचा नसतो," मी म्हटलं.

"कामाला कुठे लावतोय? एक नट सैल वाटला म्हणून बघतोय."

"हत्यारं पूजेत आहेत."

"हत्यार कुठे घेतलंय? हातानेच करतोय. हात ताटात ठेवलेत का मी?"

मी नैवेद्य ठेवला, उदबत्ती पेटवली आणि बोर्डाच्या हाराला ओवाळायला वर बघितलं. टेबलाच्या वरच बोर्ड आहे आणि त्यावर तीन छोटे दिवे, एकेका तारेचा एकेक: लाल, पिवळा, निळा. टेबलाला वीज आली की लागतात. तिन्हींवर मी झेंडूचा हार घातला होता. त्या हारातलं एक फूल मला जास्तच पिवळं वाटलं. मी जवळ गेले. ते फूल नव्हतं. पिवळा दिवा लागलेला होता.

मी ताटात बघितलं. तीन फ्यूज, तिन्हींना कुंकू. पेटीकडे बघितलं. मेन खाली. आणि दिवा लागलेला.

बाकी सगळं मला त्याक्षणी लख्ख दिसलं: अनवाणी पाय, ओली फरशी, टेस्टर ताटात, आणि ह्यांचा हात डब्याच्या तोंडाशी. वीज कुठून आली हे मला माहीत नव्हतं. बंद काय करू? बंद करायचं ते सगळं मीच बंद करून ठेवलं होतं. जाऊन हात ओढू? माझा धक्का लागून बोट आत गेलं असतं, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले असते. मग ओरडू, "अहो, करंट आहे"?

ते शब्द माझ्या ओठांवर आले होते. देवाशपथ आले होते. आणि मी ते गिळले. कारण मी "करंट आहे" म्हटलं असतं तर हे पुढे काय करणार होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. "कुठे आहे?" म्हणून बोट उलटं करून आत लावलं असतं. तीन फ्यूज समोर ताटात दिसत असताना तर नक्कीच लावलं असतं, मला खोटं पाडायला. माझा नवरा मी सांगितलेली गोष्ट कधीही नुसती ऐकत नाही, ती खोटी ठरवून मग ऐकतो.

"अहो," मी म्हटलं.

"थांब गं, दोन मिनिटं."

"चुकलंय तुमचं."

हात थांबला.

"काय?"

"जोडणी चुकली तुमची. स्टार करायचा सोडून डेल्टा केलाय."

काय सांगू! दुकानाला आग लागली असती तर जो माणूस "आधी हा नट आवळतो" म्हणाला असता, त्याचा हात डब्यातून सर्रकन बाहेर आला. कंबर सरळ झाली. चष्मा कपाळावर गेला. कसब्यातल्या माणसाला भूकंपात झोप लागेल, पण त्याला कुणी "तुमचं चुकलंय" म्हटलं आणि तो तसाच बसून राहिला, असं होणं नाही.

"डेल्टा? डेल्टा कशाशी खातात ते तरी माहितीये का तुला?"

"मला दिसतंय ते मी सांगतेय. डेल्टाच आहे."

"तिथून दिसतंय?"

"आंधळ्यालाही दिसेल. इकडे या, दाखवते."

"मी येऊ? इकडे मोटर आहे आणि तिकडे येऊ?"

"भीती वाटते का चुकलात म्हणून?"

आले. दाणदाण पाय आपटत आले, टेबल सोडून, मोटर सोडून, माझ्यापर्यंत. भाषण सुरूच होतं: वडील काय म्हणायचे, आयुष्यात किती मोटरी जोडल्या, बायकांनी तार भरावी आणि गप्प बसावं. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. गच्च धरलं. नाडी लागत होती हाताला. मी हनुवटीने दिवा दाखवला.

हे बघत राहिले. मग ताटाकडे बघितलं. परत दिव्याकडे.

"लागलाय कसा?" म्हणाले, आणि काय करावं? उजवा हात सोडवून घेतला, मधलं बोट उलटं केलं आणि निघाले टेबलाकडे! मी त्या हातावर अशी चापट मारली की त्याचा आवाज गल्लीत गेला असेल. लग्नानंतर प्रथमच मारलं. अजून मला त्याचा काडीचा पश्चात्ताप नाही.

"टेस्टर घ्या," मी म्हटलं.

"पूजेतला?"

"पूजेतला. देवी माझ्याशी बोलेल, तुम्ही घ्या."

त्यांनी ताटातला टेस्टर उचलला, कुंकू झब्ब्याला पुसलं आणि बाहेर जाऊन चपला घालून आले. मी म्हणायच्या आत, स्वतःहून. मोटरीच्या टोकाला टेस्टर टेकवला. त्यातला बारीक दिवा लागला. दुसऱ्या टोकाला टेकवला. लागला. सहाच्या सहा टोकांना लागला.

तेवढ्यात शेजारचे दारात, हातात पेढ्यांचा बॉक्स. "काय वहिनी, लावली की नाही माळ? म्हटलं सणाचा दिवस, देवीपुढे अंधार बरा दिसत नाही. लाइन बंद आहे तर आमच्याकडची देऊ. साहेबांना विचारून जोडली हां."

शटरजवळच्या आमच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये एक वायर होती. दोन्ही टोकांना पिना असलेली. गणपतीत मंडपाला वापरतात तसली, एक टोक या घरात आणि दुसरं त्या घरात. त्यांच्या दुकानातली वीज त्या वायरीतून आमच्या सॉकेटात, सॉकेटातून उलटी आमच्या बोर्डाच्या पिवळ्या दिव्याच्या तारेत आणि तिथून मोटरीच्या वेटोळ्यांतून सहाही टोकांत शिरली होती. मेन पुढच्या दाराला कुलूप लावून बसला होता आणि हे गृहस्थ मागच्या दाराने पाहुणे सोडत होते. शेजारधर्म, दुसरं काय!

शेजाऱ्यांनी वायर ओढायला हात पुढे केला तसे हे गरजले, "इथली नाही! आधी तुमच्याकडची काढा. इथली काढलीत तर पिना उघड्या राहतील आणि तुम्ही जाल."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने कुणालातरी करंटला भ्यायला सांगितलं. शेजारी पांढरेफटक पडले आणि धावत गेले. पिवळा दिवा विझला. मग मी त्यांना जे काही ऐकवलं ते सणाच्या दिवशी लिहायच्या लायकीचं नव्हतं आणि आजही नाही. पेढे मात्र ठेवून घेतले.

आरती केली. मी ताट ओवाळत होते, हे एकटेच म्हणत होते, तेही एका कडव्यानंतर विसरले. इतक्या वर्षांत कधी न विसरलेली आरती. नारळ फोडला. त्यांनी ताटातले फ्यूज उचलले, लावायच्या आधी माझ्याकडे वळले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. मी काही न म्हणता. मी मान हलवली. फ्यूज लागले, मेन वर गेला, मोटर फिरली. छान फिरली, कुरकुर नाही, काही नाही. बंद केली.

मी मागे जाऊन ओट्याला टेकून रडत होते तर हे आले. गोळीची वेळ झाली होती, ती घेतली. मग म्हणाले, "डेल्टा नव्हता तो."

"नव्हता," मी म्हटलं.

"स्टारच होता."

"स्टारच होता. तुमचंच बरोबर होतं."

हे ऐकायला माणसाने सगळा संसार घालवला, आणि ऐकू आलं तर चेहरा असा, जणू कुणी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलंय. "हं," म्हणाले आणि माझ्या चापटीच्या जागेवर अंगठा फिरवत बाहेर गेले.

आता काय, फ्यूज माझ्या पर्समध्ये असतात आणि टेस्टर त्यांच्या खिशात. फ्यूज निघाले तरी ते टेस्टर लावल्याशिवाय मोटरीत हात घालत नाहीत. मला सांगून नाही, माझी पाठ वळली की लावतात. खंडेनवमीला ताटात सगळी हत्यारं असतात, टेस्टर सोडून. त्याला सुट्टी नाही.

आणि आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला अजून रंगवून सांगतात: "आमच्या हिने जन्म काढला या दुकानात, पण हिला स्टार आणि डेल्टा यातला फरक कळत नाही. खंडेनवमीच्या दिवशी भांडली माझ्याशी!" गिऱ्हाईक हसतं. हे हसतात. मी तार भरत असते, मान वर करत नाही. त्यांना मध्येच कुणी विचारतं, "खरं का हो वहिनी?" मी म्हणते, हो, नाही कळत. त्यांना सांगू दे. रोज सांगू दे.